न लावलेली झाडं

९ जानेवारी

प्रिय वहिनी,

फोनवर तुझं निम्मं बोलणं माझ्या कानात जातं आणि निम्मं कानातल्या यंत्राच्या शिट्टीत. परवा तू 'बाग बरी आहे' म्हणालीस की 'भाग बरी आहे', ते मला अजून कळलेलं नाही. म्हणून हे पत्र. तूही पत्रच लिही, म्हणजे निदान तुझ्यावर ओरडायला लागणार नाही.

मुद्द्याचं आधी सांगते. गेल्या आठवड्यात भाचा येऊन गेला. चहा घेतला, लिफ्टच्या नोकरीतल्या दोन गमती सांगितल्या आणि मग हळूच म्हणाला, "आत्या, आई मागचं दार उघडतच नाही. बाबांची बाग पार वाळली. तिला एकटीला ते घर झेपत नाहीये. मी तिला आमच्या फ्लॅटवर आणायचं म्हणतोय. ती माझं नाही ऐकायची, तुझं ऐकेल. तू म्हणशील तसं करू."

मी म्हटलं, बघते. आता मी इथून काय बघणार? दादाला जाऊन वर्ष होत आलं. त्याची ती बाग माझ्या डोळ्यांसमोर आहे, दोरी धरून लावलेल्या गुलाबांच्या रांगा आणि मध्ये कापलेलं गवत. ती जर तू नीट ठेवलेली असशील तर मी भाच्याला सांगेन, आईला आहे तिथे राहू दे. आणि खरंच वाळली असेल तर मला वाटेल, तू हातपाय गाळलेस, आणि मग मी त्याच्या बाजूने बोलेन. आधीच सांगितलेलं बरं. खरं काय ते लिही.

तुझी
वन्सं


१७ जानेवारी

प्रिय वन्सं,

साठी उलटली तरी नणंद ती नणंदच. पत्रातून सुद्धा उलटतपासणी.

खरं हवंय ना, मग ऐक. बाग गेली. गुलाबांच्या काड्या उभ्या आहेत, त्यांना हात लावला तर मोडतात. गवत चटईच्या रंगाचं झालंय. तुझे दादा गेल्यावर महिनाभर मी रोज पाणी घातलं. एक दिवस नळी हातात घेऊन उभी राहिले आणि पाणी सुरू करवेना. मी आणि त्या रांगा, दोघीही त्यांची वाट बघत उभ्या आहोत असं वाटायला लागलं. आत आले, कडी लावली. ती लावली ती लावलीच. तुझ्या भाच्याने तुला सांगितलं ते खोटं नाही.

पण डिसेंबरात मागचा नळ गळायला लागला, प्लंबर आला, आणि दार उघडावंच लागलं. तो आधी बाहेर गेला आणि म्हणाला, "बाई, इथे तर रान माजलंय." मी ओशाळून त्याच्या मागे गेले. आणि वन्सं, मेलेल्या गवतात जागोजागी हिरवं होतं. मी बी टाकलेलं नाही, पाणी दिलेलं नाही, दारसुद्धा उघडलेलं नाही. फरशीच्या फटीत, गुलाबांच्या आळ्यात, नळाखाली, जिथे जागा मिळाली तिथे काहीतरी उगवलेलं. प्लंबर नळ दुरुस्त करून गेला तरी मी तिथेच वाकून बघत होते.

तेव्हापासून रोज सकाळी जाते. काही करत नाही, नुसती बघते. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा उठावंसं वाटतंय. हे वाळलेल्या बागेच्या बाजूने जातं की विरुद्ध, ते तू ठरव.

सोबत खाकी कागदाच्या घडीत दोन फांद्या ठेवल्यात. तू शाळेत इतकी वर्षं शास्त्र शिकवलंस, तेव्हा यांची नावं सांग. नावाशिवाय किती दिवस 'अगं तू' म्हणायचं?

तुझी
वहिनी


२९ जानेवारी

प्रिय वहिनी,

तुझं पत्र वाचून मी ते बाजूला ठेवून दिलं. रागच आला. त्यातले तीन गुलाब आमच्या आईच्या झाडाच्या फांदीवरून आलेले होते, आणि तू 'मोडतात' असं लिहितेस, जणू उदबत्तीच्या काड्या आहेत. मग रात्री वाटलं, नळी हातात धरून मी उभी असते तर मला तरी कुठे जमलं असतं. दुसऱ्या दिवशी घडी उघडली.

लहान पानाची ती आंबोशी. एका देठावर तीन पानं, प्रत्येक पान बदामाच्या आकाराचं. चावून बघितली असशील तर आंबट लागली असेल. शाळेत जाताना मी आणि दादा कुंपणाकडेची आंबोशी खात जायचो, आणि त्याची विजार गुडघ्यावर हिरवी व्हायची म्हणून मार मलाच बसायचा. जाड, मऊ पानाची आणि लालसर देठाची ती घोळ. कागदात दाबून, टपालातून येऊनही ती टवटवीत होती. हट्टी आहे.

ही झाडं कुठूनही आलेली नाहीत, वहिनी. गुलाब आणि गवत दादाने बाहेरून आणून लावलं. ही तिथलीच आहेत. तुमचं घर बांधायच्या आधी ती जमीन त्यांची होती. अशा झाडांचं बी मातीत वर्षानुवर्षं पडून राहतं. वर दाट गवत असलं की त्याला उजेड मिळत नाही, मग ते थांबतं. गवत मेलं, ऊन खाली पोचलं, आणि ती उठली. मुलांना हे मी फळ्यावर आकृती काढून शिकवायचे. खरं सांगायचं तर शाळेच्या बाहेर कधी वाकून बघितलं नाही.

भाच्याला मी अजून काही कळवलेलं नाही. आणखी काय उगवलंय ते पाठव.

तुझी
वन्सं


११ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

तुझ्या पत्राने माझी पंचाईत केली आहे. आता मला पाय टाकायला भीती वाटते. आंबोशी फरशीच्या फटीफटीतून पसरली आहे आणि तुझं ते 'थांबतं' वाचल्यापासून कुठल्याही मातीच्या ढेकळाकडे संशयाने बघते.

नळाजवळच्या भिंतीवर नेचे आलेत, अगदी बारीक, बाळाच्या मुठीसारखी गुंडाळलेली पानं. ते मी ओळखले हं. कोपऱ्यात मुंग्यांची ये-जा वाढली आहे. रविवारी ढमी आली होती. आल्या आल्या बूट काढून मातीत बसली आणि निघायच्या वेळी रडली. नातीचं आणि माझं पहिल्यांदाच इतकं जमलं. तिच्या बापाने मात्र दारातूनच बघितलं. "आई, हे काय करून ठेवलंयस?" म्हणाला. मी काहीच केलेलं नाही, हे त्याला पटवणं अवघड होतं.

आता काम. नळाच्या बाजूला एक झाड आलंय, गुडघ्याच्या वर गेलंय. एकच आहे, आणि पानंही मोजकीच, म्हणून तोडवलं नाही. खाकी कागद पानामागे धरला, शिसपेन्सिलीने कडेने फिरवलं आणि कातरीने कापलं, आपण कपड्याचा नमुना कापतो तसं. सोबत ठेवलाय. कड किंचित नागमोडी आहे. फूल अजून नाही. कोण ते सांग.

आणि एक मनातलं. त्या फ्लॅटवर मला वेगळी खोली देणार आहेत. सून शहाणी आहे, मुलगा प्रेमाचा आहे, नाव ठेवायला जागा नाही. पण तिथे मी चमचा कुठल्या खणात आहे ते विचारत बसणार. मला इथे राहायचंय, वन्सं. मी सांगितलं की त्याला वाटतं, आई मन मारून बोलतेय, किंवा आपल्याला त्रास नको म्हणून बोलतेय. तू सांग त्याला. तुझा शब्द तो मोडत नाही.

तुझी
वहिनी


१६ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

घाईने लिहितेय. ते झाड धोतरा आहे. पान तळहाताएवढं, खाली रुंद, टोकाकडे निमुळतं, कड नागमोडी. पानावरून झाड ओळखायला मी पोरांना उभं आयुष्य शिकवलं, त्यात माझी चूक व्हायची नाही. धोतरा नखशिखांत विषारी असतो. पान, फूल, बी, सगळं. आणि त्या मातीत ढमी बसते, आणि त्या वयाची पोरं हाताला लागेल ते तोंडात घालतात.

हातमोजे घालून आजच उपटून टाक. फूल यायची वाट बघू नकोस. मी भाच्यालाही लिहितेय, कारण ढमीला तिथे सोडू नये हे त्याला कळलं पाहिजे. तुझ्या राहण्याचंही त्याच पत्रात लिहिणार होते, पण दोन गोष्टी एकत्र नकोत. ते पुढच्या पत्रात.

तुझी
वन्सं


१४ मार्च

प्रिय वन्सं,

पत्ता बघितलास ना? मी चिरंजीवांकडे आहे. नववा मजला. इथून दिसतं खूप, हातात काही येत नाही.

तुझं पत्र मला मिळालं त्याच संध्याकाळी तुझं दुसरं पत्र हातात घेऊन तो आला. रागावला नाही, घाबरला होता. म्हणाला, "आई, विषारी झाड आणि त्याच्या शेजारी माझी मुलगी. आत्याने लिहिलंय. आता पुरे." मी म्हटलं, फूल येऊ दे, मग बघू. तो म्हणाला, "फूल येईपर्यंत काय झालं असतं?" बॅग त्यानेच भरली. माझे चष्मे, गोळ्या, दोन साड्या, सगळं आठवणीने घेतलं. पोर वाईट नाही, म्हणूनच बोलता येत नाही.

मागची जागा त्याने माणसं लावून खरवडून घेतली. पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी फरशीवाला येऊन सिमेंटच्या फरश्या घालणार आहे. मग घर भाड्याने द्यायला सोपं जाईल म्हणतो. तुझ्यावर माझा राग नाही. तू ढमीच्या काळजीने लिहिलंस, मीही तेच केलं असतं.

इथे सगळं ठीक आहे. दिवसभर ढमीशी खेळते. चमचे वरून दुसऱ्या खणात असतात. काल दुपारी तिला म्हटलं, आत्याआजीला तुझा हात पाठवू या. "बोटं मिटून ठेव," म्हटलं आणि कागदावर फिरवून कापला. सोबत आहे. चार वर्षांची झाली, किती भरभर वाढतात.

तुझी
वहिनी


२३ मार्च

प्रिय वहिनी,

हे पत्र मी तुझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहितेय. शेजारच्या बाईंकडून किल्ली घेतली. त्यांनी आधी माझी चौकशी केली, मग माझ्या यंत्राची, मग किल्ली दिली. तुझा चहाचा डबा सापडला. चमचे पहिल्या खणात होते.

का आले ते सांगते. ढमीचा हात आला. कौतुकाने त्यावर माझा हात ठेवला, आणि तो अगदी मापात बसला. मी म्हटलं, ढमी ढमी म्हणतो म्हणून काय झालं, चार वर्षांच्या पोरीचा हात साठीच्या बाईएवढा कसा होईल? माझ्या शेजारच्या घरातली पाच वर्षांची मुलगी बोलावली, तिचा हात ठेवून बघितला. चारही बाजूंनी कागद उरला, सगळीकडे सारखा. बोट आडवं धरून मोजलं, अर्धा इंच. मग मला तुझं फडताळ आठवलं. खणात घालायचा कागदसुद्धा तू मोठाच कापतेस आणि कडेने दुमडतेस. आयुष्यभर कपडे बेतलेस वहिनी, रेघेबाहेर शिवणीपुरती माया सोडल्याशिवाय तुझी कातर चालतच नाही. तुला ते कळतसुद्धा नाही.

मग तुझं ते पान काढलं आणि कडेने अर्धा इंच कापून टाकला. जे उरलं ते उजेडात धरून बघितलं. ते धोतऱ्याचं पान नव्हतं. कामोणीचं होतं, बोटभर लांबीचं. साधं, ओळखीचं झुडूप. काळी बारीक फळं येतात, पाखरं ती खातात आणि बी इकडेतिकडे टाकतात. कच्ची फळं पोरांच्या तोंडात जायला नकोत, तेवढं लक्ष ठेवायला लागतं. त्यासाठी कोणाला घराबाहेर काढायची गरज नव्हती.

तरी खात्री हवी होती, म्हणून दुसऱ्या दिवशीची बस पकडली. मागे गेले. वहिनी, जागा अगदी सपाट आहे. दादाच्या रांगांच्या खुणाही नाहीत. मी पायरीवर बसून रडले, खूप रडले. त्याच्यासाठी रडायचं राहूनच गेलं होतं. त्याची बाग जशीच्या तशी राहिली की आपला दादा कुठेतरी आहे, असं मी धरून चालले होते, आणि ते धरून ठेवायचं काम मात्र तुझ्यावर टाकलं होतं.

कोपऱ्यात उपटलेल्या झाडांचा ढीग आहे, तो अजून उचललेला नाही. त्यात तुझं झाड सापडलं. सुकलंय, पण फांदीला फुलं आली होती. शेंगदाण्याएवढी, पांढरी, चांदणीसारखी. धोतऱ्याचं फूल वीतभर, कर्ण्यासारखं असतं. तू थांब म्हणाली होतीस तेच बरोबर होतं.

भाच्याला मी लिहिलंय. चूक माझी होती, झाड कामोणीचं होतं, आणि आई इथे खचलेली नव्हती, उलट सावरत होती, हे सगळं स्पष्ट लिहिलंय. पण फरशीवाल्याला मी नको म्हणणार नाही. त्या शनिवारपर्यंत मी इथे थांबू शकते, दारात उभी राहून त्याला परत पाठवू शकते, आणि भाचाही माझं ऐकेल. तेच नको. तू मला सांगायला सांगितलंस, मी तुझ्या वतीने बोलले, त्याचं काय झालं ते मागे जाऊन बघ. पुन्हा नाही बोलणार. मी गुरुवारी परत जातेय. किल्ली शेजारी ठेवते. घर तुझं आहे, तूच बोल.

आणखी एक. खरवडलेल्या मातीत काहीतरी फुटलंय. सगळ्यांना दोन दोन पानं, सगळी सारखी. चष्मा लावून, गुडघ्यावर बसून बघितली. शास्त्राच्या बाईंना एकही ओळखता आलं नाही.

तुझी
वन्सं


१४ एप्रिल

प्रिय वन्सं,

तुझं पत्र मी नवव्या मजल्यावरच्या बाल्कनीत वाचलं आणि आधी तुझा भयंकर राग आला. आयुष्यभर पुढे पुढे करतेस, आणि नेमकी गरज पडली तेव्हा किल्ली शेजारी ठेवून निघून जातेस. संध्याकाळपर्यंत मनातल्या मनात तुझ्याशी भांडत होते. मग लक्षात आलं, भांडताना मी तुला जे ऐकवत होते ते सगळं मुलाला सांगायचं होतं.

जेवताना सांगितलं. कुठून सुरुवात करावी कळेना, म्हणून सरळच म्हटलं, "मी शुक्रवारी घरी जाणार आहे. विचारत नाहीये, सांगतेय." त्याने तुझं पत्र वाचलेलं होतं. "आई, आत्याने लिहिलंय ते मला मान्य आहे, पण तू एकटी..." मी म्हटलं, "एकटी आहेच. तुझ्याकडे होते तेव्हाही होते. तिथे निदान मला काय हवंय ते मला कळतं." माझा आवाज चढला. सून उठून पाणी घेऊन आली आणि माझ्या शेजारी बसली, त्याच्या शेजारी नाही. त्याने ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाला, "मला वाटलं होतं, तू सांगत नाहीस म्हणजे तुला चालतंय." त्याचंही बरोबर होतं. मी कधी सांगितलंच नव्हतं. त्याच्या बापाला नाही, त्याला नाही. गुलाब मला कधीच आवडले नव्हते, हे तुला आत्ता पहिल्यांदा सांगतेय.

शनिवारी सकाळी फरशीवाला टेम्पो घेऊन हजर. मी दार उघडलं. म्हटलं, "फरश्या नकोत, परत घेऊन जा. खेपेचे काय होतील ते मी देते." तो मागे जाऊन बघून आला. "मग इथे काय करायचं, बाई?" मी म्हटलं, "काही नाही." "म्हणजे लॉन लावणार?" "नाही." "कुंड्या?" "नाही." त्या बिचाऱ्याचा चेहरा पडला. जाताना मात्र म्हणाला, त्यांच्या घरामागेही असंच काहीबाही उगवतं, बायको उपटू देत नाही.

तुझ्या त्या दोन पानांना आता चार चार झाली आहेत. आंबोशी ओळखू येते. घोळ आहेच, ती कुठे जातेय. नेचे भिंतीवर होते म्हणून वाचले. कामोणी दिसत नाही, कदाचित येईल, कदाचित नाही. बरीचशी मला अजून कळत नाहीत. पानं पाठवणार नाही, नमुने कापणार नाही. तू ये आणि डोळ्यांनी बघ. गुडघे दुखले तर पाट देईन.

काल रविवारी चिरंजीव आले होते ढमीला घेऊन. ती बूट काढून थेट मातीत. तो मागच्या पायरीपर्यंत आला आणि तिथेच थांबला, हात मागे बांधून. मला वाटलं, आता काहीतरी बोलणार. खाली सगळीकडे बघत होता, एक पाय उचललेला, टाकत नव्हता. लहानपणी लादी नुकती पुसलेली असली की असाच उभा राहायचा. मग मान वर न करताच म्हणाला, "आई, पाय कुठे ठेवू?"

मी म्हटलं, थांब, सांगते.

तुझी
वहिनी